पिस्तुलाचा कान

परवा व्हिडिओ फोनवर बोलताना माझ्या पुस्तकांच्या कपाटावरचं पिस्तूल तुम्हा दोघांना दिसलं. तुम्ही विचारलंत, आजी, हे खरं आहे का? आणि त्याच्या कुशीतला तो पिवळा ठिपका कसला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं : नक्कल आहे. दुसऱ्याचं फोनवर देता येईना, म्हणून लिहून पाठवते आहे. यात तुमची आईही आहे, पण तिला विचारू नका. ती तेव्हा पाळण्यात होती.

हे एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. नागभीडला गाडीतून उतरायचं आणि पुढे बंडीने, म्हणजे बैलगाडीने, कुरखेड्याच्या वाटेला लागायचं. वाटेत धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोठा तलाव आणि तलावाच्या पलीकडच्या काठापासून सुरू होणारं जंगल. त्या तलावाच्या अलीकडे माझं सासर. मी नागपूरला इंग्रजी शिकून आलेली सून. तुमचे आजोबा चांद्याला नोकरीला, सुटी मिळाली की यायचे. घरात सासरे, सासूबाई, धाकटे दीर, मी आणि तान्ही तुमची आई. गावची पाटीलकी सासऱ्यांकडे होती. गावात काही वेडंवाकडं घडलं की ठाण्याला कळवणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते देवपूजेसारखं करत.

दिराला मात्र कशात गोडी नव्हती, एक नाटक सोडून. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की शंकरपट भरतो, बैलांच्या शर्यती होतात आणि त्यासोबत गावोगावी नाटकं. त्या वर्षी आमच्या गावाने ऐतिहासिक नाटक धरलं होतं. दीर रंगाने गोरा, म्हणून फिरंगी साहेबाचं काम त्याच्याकडे आलं. त्याची इंग्रजी वाक्यं मी घोटून घेत असे. ‘हॉल्ट’ म्हणायला सांगितलं की तो ‘हालट’ म्हणायचा आणि सासूबाई आतून विचारायच्या, काय हालते?

साहेबाला पिस्तूल हवं. शेजारच्या गावच्या जुन्या मालगुजारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे, एक होतं, भोसल्यांच्या काळातलं, काचेच्या कपाटात ठेवलेलं. ते त्यांनी द्यायला साफ नकार दिला. पण पाहायला बंदी नव्हती. दीर वरचेवर जाऊन ते पाहून येई आणि गावच्या लोहाराला मातीत बोटाने काढून दाखवी. लोहार वयस्कर, गावच्या भरमार, म्हणजे तोंडातून ठासायच्या, बंदुका दुरुस्त करणारा. त्याने बीजा झाडाच्या लाकडाची मूठ केली, जुन्या कानशीच्या तुकड्याचं झाकण केलं, आणि पाहता पाहता अगदी तसंच पिस्तूल तयार झालं. हातात घेतलं की मनगट खाली जायचं.

आता ते चालतं कसं, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे रानडुकरांपासून धान राखायला ज्यांना परवाना होता, त्यांच्याकडे टोपीच्या बंदुका असत. तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि बार निघतो. घोडा आपटणं आणि बार होणं एकदमच. कानाला एकच आवाज येतो.

आपलं हे गारगोटीचं पिस्तूल त्याहून जुन्या पद्धतीचं आणि त्याहून सावकाश. त्याच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. समोर पोलादी झाकण, झाकणाखाली लहानसा प्याला. प्याल्यात चिमूटभर बारीक दारू घालतात, तिला रंजक म्हणतात. चाप ओढला की गारगोटी झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकेवर पडतात, रंजक भक्क करून पेटते. पण खरी दारू नळीच्या आत आहे. प्याल्यातली आग आत जाणार कशी? तर नळीच्या कुशीला एक बारीक भोक असतं, प्याल्याच्या अगदी शेजारी. त्यातून आग आत शिरते, आणि मग बार. आधी चक, मग भक्क, मग क्षणभर काही नाही, आणि मग धडाका. त्या भोकाला मराठीत कान म्हणतात. कान नसेल तर पिस्तूल बहिरं : बाहेर कितीही भडका उडो, आत काही पोचत नाही.

सासऱ्यांनी परवानगी दिली ती याच एका अटीवर. पिस्तूल बहिरं राहिलं पाहिजे. रंगमंचावर भडका आणि धूर दिसला की झालं. कान पाडला तर ते खेळणं राहत नाही, विनापरवाना हत्यार होतं, आणि पाटलाच्या घरात तसलं हत्यार सापडलं तर पाटलाने काय तोंड दाखवावं.

दिराने परसात मला भडका करून दाखवला होता. चांगला हातभर धूर निघाला, आवाज मात्र नाही. त्यावर त्याचा चेहरा पडला. दारू ओली आहे म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सुपात दारू पसरून उन्हात ठेवू लागला. शेजारणीने सासूबाईंना विचारलं, तुमच्या लेकाची दारू सुकली का जी? सासूबाई दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, “बाई, तू शिकेल आहेस. मोहाची दारू उन्हात काऊन सुकवते तो, हे मले समजावून सांग.”

आम्ही हसलो. पण मला तेव्हाच एक गोष्ट खटकली. फक्त भडकाच हवा होता, तर मग आवाज झाला नाही म्हणून तोंड का उतरावं?

त्याच सुमाराला तुमच्या आईचे कान टोचायचे होते. दीरच नागभीडला जाऊन सोनाराला घेऊन आला. सोनाराने एक कान टोचला आणि पोर अशी रडली की निळी पडली. सासूबाईंनी दुसऱ्याला हात लावू दिला नाही, पुढच्या बाजाराला या म्हणून सोनाराला परत पाठवलं. टोचलेल्या कानात कडुनिंबाची बारीक काडी घालून ठेवायची, म्हणजे भोक बुजत नाही. रोज नवी काडी. मी त्या तासून वाटीत ठेवत असे.

दोन-चार दिवस गेले असतील. दिवेलागणीला मी ओसरीवर तुमच्या आईला घेऊन बसले होते. तलावाकडून आवाज आला. ठो. पोर दचकली, झाडावरचे बगळे उडाले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून उभे राहिले. दीर घरात नव्हता.

सकाळी तलावाच्या पलीकडे चितळाचं कातडं आणि रक्त सापडलं. मांस नेलेलं होतं. नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, गावात आला आणि परवान्याची प्रत्येक बंदूक तोंडाशी धरून हुंगत फिरला. कोणत्याच बंदुकीला ताज्या दारूचा वास नाही म्हणे. मग तो आमच्या ओसरीवर आला, बसला नाही, आणि मामाजींना म्हणाला की तो कुऱ्हाडीला दांडा बसवायला लोहाराकडे गेला होता, तेव्हा धाकट्या पाटलांनी लोहाराला विचारलं, कान टोचून झाला का? आणि लोहार म्हणाला, झाला.

मामाजींनी दिराला हाक मारली. पिस्तूल कुठे आहे? दीर म्हणाला, लोहाराकडे. लोहार आदल्या दिवशीच लेकीकडे कुरखेड्याला गेला होता. त्याच्या भात्याजवळ पिस्तूल नव्हतं, त्याच्या घरातही नव्हतं. मामाजी इतकंच बोलले, “रेंजर येऊन राह्यला उद्या. पिस्तूल त्याच्यापुढे आलं पाहिजे. कान उघडा निघाला तर मीच तुले ठाण्यात घेऊन जाईन, मी.”

ते तसं करतील याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती.

त्यानंतर घरातली सगळी माणसं एकमेकांकडे न पाहता वावरत होती. सासूबाई दिराच्या ताटात भात वाढत, पण त्याच्या हातांकडे बघत. दीर जेवत नव्हता. विहिरीवर बाया माझ्याशी नेहमीसारखं बोलत, आणि मी वळले की त्यांचा आवाज खाली येई. मलाही सगळं जुळताना दिसत होतं. आवाज न झाल्यावर पडलेला चेहरा. सुपातली दारू. दिवेलागणीला घरात नसणं. आता हे खोटं, की पिस्तूल लोहाराकडे आहे. खोटंच होतं ते. बोलताना तो मला ‘वयनी, पाणी’ म्हणाला आणि समोरच तांब्या होता.

एकच गोष्ट जुळत नव्हती. मी ऐकलेला आवाज एकटा होता. आधी भक्क नव्हतं, मधला तो क्षण नव्हता. पण तलाव लांब, भक्क इतक्या लांब ऐकू येईलच असं नाही. मी स्वतःलाच विचारत राहिले आणि कोणाला बोलले नाही.

दुपारी मी तांदूळ काढायला कोठीत हात घातला, तर बोटांना लोखंड लागलं.

सासूबाई बाहेर पोरीला न्हाऊ घालत होत्या. मी पिस्तूल काढून पदरावर ठेवलं. प्याल्याला काजळी, दारूचा वास. झाकण वर केलं. नळीच्या कुशीला, अगदी जिथे असायला हवं तिथे, एक काळा ठिपका होता. भोक की नुसती खूण, ते डोळ्यांना कळेना. वाटीतली कडुनिंबाची काडी मी त्यात घातली. ती गेली. थोडी आत गेली आणि थांबली. मी जरा दाबली, तर टोक मोडून आतच राहिलं.

काडी आत गेली होती, हे तर खरं. पुढे लोखंडाला अडली की आतल्या काजळीला, हे मला सांगता येत नव्हतं. मी पिस्तूल तांदळात ठेवलं, आणि त्या दिवशी भात शिजायला घातला तेव्हा एकेक दाणा निवडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर रेंजर, म्हणजे नाकेदाराचे वरचे साहेब, आले. शांत, कमी बोलणारे गृहस्थ. नाकेदार त्यांच्या मागे उभा. मामाजींनी दिराकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो म्हणणार, लोहाराकडे आहे. पण दीर आत गेला, कोठी उघडली, आणि तांदळाची भुकटी लागलेलं पिस्तूल आणून रेंजरांपुढे ठेवलं. नाकेदाराने नुसता श्वास सोडला, पण तो सगळ्यांना ऐकू आला.

मी आणि सासूबाई दाराआड होतो.

मामाजी आधी नाकेदाराने ऐकलेल्या त्या बोलण्यावर आले. ते जुन्या शाळेतले, शब्दाला धरून चालणारे. नाकेदाराला म्हणाले, “लोहार काय म्हणला? झाला म्हणला, का झाले म्हणला? बरोबर सांग. माणसाले दोन कान असते. पिस्तुलाले एक.”

“झाला म्हणला जी, पाटील.”

“मी पोरीच्या कानाचं बोललो,” दीर म्हणाला. “लोहारबुवानं पोरीचं विचारलं होतं, ‘झाला’ मी म्हणलो. नाकेदारानं उलटं आयकलं.”

“मंग ‘झाले’ म्हणाले पायजे होतं,” मामाजी म्हणाले. सगळा न्याय त्या एका मात्रेवर येऊन टेकला. दिराने मान खाली घातली.

तेव्हा सासूबाई दाराआडून बोलल्या. परक्या माणसासमोर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “पोरीचा एकच टोचला हाय. मी दुसऱ्याले हात लावू नाई देलो. तवा ‘झाला’च म्हणन माणूस.”

रेंजर हसले नाहीत, पण त्यांनी पिस्तूल उचललं. व्याकरणाने हे सुटायचं नाही, असं काहीतरी म्हणाले आणि पाणी मागितलं. मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. त्यांनी पिस्तूल उभं धरलं, तोंड वर, आणि नळीत पाणी ओतलं. कान उघडा असेल तर पाणी प्याल्याशी झिरपेल. कान आरपार आहे का, हे पाहायची ती सरळ रीत होती. ओसरीवरचे सगळे त्या काळ्या ठिपक्याकडे पाहत राहिले. मी दिराकडे पाहत होते. त्याच्या ओठांवर घाम होता, आणि तो ठिपक्याकडे असा बघत होता की आता येणार, आता येणार.

थेंब आला नाही.

मामाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी माझा दंड धरला होता तो सोडला. आणि माझ्या मनात एकच : आत माझी काडी आहे. पाणी काडीने अडवलं असेल. नंतर कधी ती निघाली, कोणी पुन्हा पाणी ओतलं, तर मामाजींच्या ओसरीवर बहिरं ठरलेलं पिस्तूल उघडं निघायचं. आणि त्याहून मोठं म्हणजे, मलाच पुढे रोज त्या दिराला भात वाढायचा होता, आणि वाढताना त्याच्या हातांकडे बघायचं नव्हतं.

“थांबा,” मी म्हणाले. “त्याच्या कानात काडी आहे. मी घातली.”

मामाजी वळून दाराकडे बघत राहिले. दिराने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही. त्यात राग नव्हता. मी त्याला ठाण्यात पाठवते आहे, हे त्याने जणू मानूनच घेतलं होतं.

रेंजरांनी सुई मागितली. सासूबाईंची गोधडीची सुई मीच दिली. त्यांनी ठिपक्यातून काडीचं टोक टोकरून काढलं, हिरवं, पाण्याने फुगलेलं, ते तळहातावर घेऊन नाकेदाराला दाखवलं. मग सुईच आत घातली. डाळीच्या दाण्याइतकी गेली आणि टक्क झाली. त्यांनी पुन्हा टोचलं. टक्क. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा उभं धरलं. या वेळी बराच वेळ.

ठिपका कोरडाच राहिला.

“आंधळा खड्डा आहे,” रेंजर म्हणाले. “दिसायला कान. आत लोखंड.” मग त्यांनी मामाजींना विचारलं की त्या संध्याकाळी आवाज कसा आला होता. मामाजी म्हणाले, एकच, ठो. रेंजरांनी मान हलवली. टोपीची बंदूक, म्हणाले, आणि नाकेदाराला विचारलं की हुंगलेल्या बंदुकांपैकी कोणती नुकती धुतलेली वाटली का. नाकेदार म्हणाला, तसं पाहिलं नाही साहेब. रेंजर त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. चितळ कोणी मारलं, ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर नाकेदार आमच्या ओसरीवर चहाला थांबेनासा झाला, आणि मामाजींनीही त्याला आग्रह केला नाही.

जाताना रेंजरांनी सांगितलं की लोहार आला की तो खड्डा पितळेने बुजवून घ्या, म्हणजे उद्या कोणाला त्यातून पुढे टोचायची बुद्धी होणार नाही. तुम्हाला दिसला तो पिवळा ठिपका म्हणजे हे पितळ.

संध्याकाळी मामाजी दिराला एवढंच म्हणाले की तांदळात लोखंड ठेवू नये, गंज धरते. त्यांची माफी तेवढीच. दिराने मला नंतर सांगितलं की त्याने पिस्तूल लपवलं ते रेंजरांच्या भीतीने नव्हे. मामाजी ते न विचारता घणाखाली घालतील आणि शंकरपटाला साहेब रिकाम्या हाताने उभा राहील, ही त्याची भीती. आणि त्या दिवेलागणीला तो मालगुजारांच्या कपाटासमोर उभा होता. मी विश्वास ठेवला. गावात मात्र तो पुढे मला चिडवायला लागला, “वयनीनं काडी लावली अन् वयनीनंच काढली.”

तरी एक गोष्ट माझ्या मनातून गेली नव्हती. दुसऱ्यांदा थेंब आला नाही, तेव्हा सासूबाई रडल्या, मामाजींनी डोळे मिटले. दिराच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. आश्चर्य होतं. जे असणारच असं त्याला ठाऊक होतं, ते नव्हतं, असा तो बघत होता.

हे मी त्याला विचारलं, पण फार वर्षांनी. मामाजी गेले होते, आम्ही चांद्याला राहत होतो, आणि दिराच्याच नातीचे कान टोचायला सोनार आला होता. पोरीचं रडणं चालू असताना मी म्हणाले, भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं ना, थेंब येणार म्हणून?

त्याने सोनाराच्या हातातल्या सुईकडे पाहिलं. मग म्हणाला, “वयनी, नाकेदारानं बरोबरच आयकलं होतं.”

त्याने खरंच लोहाराला गळ घातली होती. नुसत्या भडक्याने लोक हसतील, एकदा तरी धडाका व्हावा, छर्रे न घालता नुसत्या दारूचा. लोहार नको नको म्हणत होता. शेवटी एक दिवस ‘कान टोचून झाला का’ म्हणून विचारलं तर तो म्हणाला, झाला. दिराने परसात करून पाहिलं, भडका झाला, बार नाही, तर त्याला वाटलं दारू ओली. रेंजरांनी पाणी मागितलं तेव्हा तो मनात ठाण्याची वाट चालू लागला होता.

पितळ बसवायला तो लोहाराकडे गेला, तेव्हा चिडलेलाच होता. खोटं काऊन बोललास, म्हणून विचारलं. लोहाराने पितळ तापवता तापवता वरही पाहिलं नाही.

“बापू,” तो म्हणाला, “कान टोचावा सोनारानं. मी त लोहार आहो.”